कीर्तनाचं कोपर

कीर्तना सात वर्षांची असल्यापासून दर रविवारी मैदानावर जायची, आणि त्याचं कारण क्रिकेट नव्हतं. तिची अम्मा श्रीदेवी रविवारी चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात गणिताच्या शिकवण्या घ्यायची. बारा-चौदा मुलं हॉलभर पसरायची. त्यात ही बडबडी पोर नको, म्हणून अप्पांच्या स्कूटरवर मागे बसवून दिली जायची. अप्पा, म्हणजे कृष्णकांत राव, आठवड्याचे सहा दिवस एग्मोरच्या रेल्वे कचेरीत कारकून आणि सातव्या दिवशी अंपायर. लीगच्या अगदी खालच्या डिव्हिजनचे सामने त्यांच्या वाट्याला यायचे. विल्लिवाक्कमकडची, पेरंबूरकडची ओसाड मैदानं, प्रेक्षक म्हणून चार कावळे आणि एखादी गाय. पण राव कोट घालून उभे राहिले की जणू चेपॉकच्या कसोटी मैदानावर उभे आहेत असं वाटायचं.

लीगमध्ये त्यांना ‘नो-बॉल राव’ म्हणत. एकदा एका बँकेच्या संघाचा हुकमी गोलंदाज चेंडू फेकतोय असं त्यांना स्क्वेअर लेगवरून दिसलं, आणि त्यांनी एकाच षटकात तीनदा हात आडवा करून नो-बॉल दिला. कोपर वाकवून मग झटक्यात सरळ केलं की तो चेंडू टाकलेला नसतो, फेकलेला असतो. नियम साधा आहे, पण खालच्या डिव्हिजनमध्ये त्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. संघानं तक्रार केली. त्या हंगामात रावांना एकही सामना मिळाला नाही. त्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की मला जे दिसलं ते मी सांगितलं. कीर्तना तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेत ती ही गोष्ट रंगवून सांगायची.

चहाच्या सुटीत ती एका स्टंपवर चेंडू टाकत बसायची. तिची बोटं लांब होती, तळहात मोठा होता, आणि चेंडू तिच्या हातून गरगरत जायचा. सुंदर नावाचे एक प्रशिक्षक एका संघाबरोबर यायचे. त्यांनी अर्धा तास लांबून पाहिलं आणि रावांना म्हणाले की ही मुलगी माझ्याकडे पाठवा. राव आधी नाही म्हणाले, श्रीदेवी आधी हो म्हणाली. अकराव्या वर्षी कीर्तना अण्णा नगरच्या त्यांच्या नेट्समध्ये एकोणीस मुलग्यांत एकटी मुलगी म्हणून उभी राहिली आणि ऑफस्पिन शिकू लागली.

मुलगी मेहनती होती. शाळेच्या आधी दोन तास, नंतर दोन तास. बसमध्ये उभी असतानाही तिच्या उजव्या हाताची बोटं लिंबावर फिरत असायची. चौदाव्या वर्षी ती राज्याच्या सोळा वर्षांखालच्या संघात आली. पंधराव्या वर्षी तिनं तो दुसरा चेंडू शोधून काढला. ऑफस्पिन उजव्या हाताच्या फलंदाजाकडे आत वळतो. हा त्याच हालचालीतून टाकलेला, पण उलटा, बाहेर पळणारा. सुंदर सारांनी तो शिकवला नव्हता. तिनं गच्चीवर, पाण्याच्या टाकीसमोर, दोन महिने खपून तो स्वतःच्या मनगटात बसवला. पहिल्यांदा तो नीट पडला तेव्हा ती धावत खाली गेली आणि अप्पांना ओढून वर घेऊन आली. अप्पांनी सहा चेंडू पाहिले. मग म्हणाले, बरं आहे, जेवायला चल. तिला वाटलं अप्पांना कौतुक करता येत नाही. ते खरंही होतं.

त्या चेंडूनं तिचं आयुष्य बदललं. राज्याच्या स्पर्धेत तिला एका हंगामात सत्तावीस बळी मिळाले. सतराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचं बोलावणं आलं. परदेशातल्या एका स्पर्धेत उपांत्य सामन्यात तिनं अकरा धावांत चार जणींना बाद केलं, आणि चारही जणी त्या बाहेर पळणाऱ्या चेंडूवर फसल्या. धावफलकावर तिचं नाव, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावून, ‘के. कीर्तना’ असं यायचं, त्यामुळे सगळे तिला तमिळच समजायचे. संघाची यष्टिरक्षक ऋजुता पुण्याची. एका रात्री खोलीत कीर्तना फोनवर घरी बोलत होती आणि ऋजुता उठूनच बसली. ही मुलगी मराठी बोलत होती, पण कुठल्या काळातली मराठी ही! “अस्क बरं आहे, अप्पा. मज काही नको.” अस्क म्हणजे सगळं, असं कीर्तनानं तिला समजावलं, आम्ही तंजावरचे, तीनशे वर्षांपूर्वी आलो आणि भाषा तिथंच थांबली. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. ऋजुता मैदानावर तिला मराठीत सूचना द्यायची, कारण समोरच्या परदेशी फलंदाजांनाच काय, आपल्याच संघातल्या अर्ध्या मुलींनाही ती कळत नसे.

एकोणिसाव्या वर्षी कीर्तना भारताकडून खेळली. वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत ज्यांनी क्रिकेट कधी पाहिलं नव्हतं अशा बायकाही टीव्हीसमोर बसल्या. शेजारच्या अलमेलू मामींनी पोंगल करून वाटला. सात सामन्यांत अकरा बळी. वर्तमानपत्रात फोटो आला. टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानाच्या फलकावर ती चेंडू हातात घेऊन हसताना झळकली, आणि श्रीदेवी बस तिथून जाताना प्रत्येक वेळी मान वळवून बघायची. एकट्या अप्पांचं वागणं मात्र विचित्र होतं. कीर्तना गोलंदाजीला आली की ते उठून बाल्कनीत जायचे आणि षटक संपलं की परत येऊन बसायचे. श्रीदेवीनं विचारलं तर म्हणायचे, छातीत धडधडतं.

आठव्या सामन्यानंतर संध्याकाळी हॉटेलमध्ये संघाच्या व्यवस्थापकांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर एक कागद होता. सामन्याच्या पंचांनी कळवलं होतं की के. कीर्तनाची गोलंदाजीची शैली संशयास्पद वाटते. विशेषतः उलटा वळणारा चेंडू. चौदा दिवसांत चाचणी द्यावी. व्यवस्थापक चांगले होते, त्यांनी पाणी दिलं, घाबरू नको म्हणाले. कीर्तनानं कागद दोनदा वाचला. इंग्रजी सोपं होतं, तरी तिला वाटलं की हे दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलेलं आहे.

चाचणी चेन्नईतच झाली. एका रुग्णालयाच्या मागच्या इमारतीतल्या मोठ्या हॉलमध्ये खेळपट्टी आखलेली होती आणि भोवती वीसेक कॅमेरे. तिच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर चमकणारे छोटे गोळे चिकटवले आणि तिला सहा षटकं टाकायला सांगितली. तिथली तरुण डॉक्टर जननी फार मृदू होती. आठ दिवसांनी तिनंच पडद्यावर रेषांचं एक माणूस दाखवलं. ती रेषांची कीर्तना होती. तिचं कोपर वाकायचं आणि चेंडू सुटण्याआधी ताडकन सरळ व्हायचं. पंधरा अंशांपर्यंत चालतं. तिचा ऑफस्पिन सोळा होता. उलटा चेंडू सव्वीस.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत गोलंदाजी करायला तिला बंदी झाली.

पुढचे चार दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. फोन वाजत राहायचा, कीर्तना तो उलटा करून ठेवायची. इंटरनेटवर लोक तिला फेकाडी म्हणत होते, चोर म्हणत होते. कोणीतरी तिच्या उपांत्य सामन्यातल्या चारही बळींची चित्रफीत हळू गतीनं लावली होती. दुकानाच्या फलकावर चौथ्याच दिवशी दुसरी मुलगी आली. पाचव्या दिवशी जेवताना कीर्तना म्हणाली की मला कळतच नाही, इतकी वर्षं कोणाला दिसलं कसं नाही. सुंदर सार, राज्याचे प्रशिक्षक, एवढे अंपायर. कोणीच कसं पाहिलं नाही?

अप्पांचं जेवण झालं होतं, पण ते हात धुवायला उठले नाहीत. ताटाकडे बघतच ते म्हणाले, “मी बघितलों.”

कीर्तनाला आधी कळलंच नाही.

“गच्चीवर, पहिल्या दिवशींच. सहा चेंडू. मज ठाऊक होतें.”

श्रीदेवी वाढता वाढता थांबली. कीर्तनानं शांतपणे विचारलं, “मग सांगितलां कां नाही?” अप्पा उठले आणि त्यांनी नळाखाली हात धुतला.

कीर्तना त्या दिवशी बोलली ते फार बोलली. ज्या माणसानं परक्यांच्या पोरांना भर मैदानात नो-बॉल दिला, त्यानं स्वतःच्या मुलीला घरातल्या घरात एक शब्द सांगू नये? पंधराव्या वर्षी कळलं असतं तर दोन महिन्यांत सुधारता आलं असतं. आता जगासमोर नाक कापलं गेलं. तिनं आवाज चढवला नव्हता, तरी अलमेलू मामींच्या घरातला टीव्ही बंद झाला. मग तिनं बॅग भरली आणि ती अड्यारला मावशीकडे निघून गेली.

मावशीकडे ती पाच आठवडे राहिली. सराव नाही, काही नाही. श्रीदेवी एक दिवसाआड डबा घेऊन यायची आणि अप्पांचा विषय काढायची नाही. एकदाच, निघताना चप्पल घालता घालता ती म्हणाली की ते पहिल्या दिवशी बोलले नाहीत कारण तू फार हसत होतीस. नंतर तुझी निवड झाली. मग पुढची निवड झाली. दर पायरीला त्यांना वाटायचं की आता सांगितलं तर ही पडेल. तेव्हा माझ्याजवळ तरी बोलायचं, पण नाही बोलले, हे सगळं आत्ता सांगितलं. एवढं सांगून ती जिना उतरून गेली.

सहाव्या आठवड्यात सुंदर सार आले. त्यांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की त्यांनाही कधी कधी शंका यायची, पण बळी मिळत होते म्हणून त्यांनी डोळेझाक केली. त्याबद्दल ते तिची माफी मागतात. दुसरी ही, की रावांनी अंपायरिंगचा राजीनामा दिला. ज्या दिवशी ती घरातून गेली त्याच दिवशी. चोवीस वर्षांचं काम, आणि कारण म्हणून पत्रात एकच ओळ लिहिली होती, की मला जे दिसलं ते मी सांगितलं नाही.

कीर्तनाला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. राजीनाम्यानं तिचं कोपर थोडंच सरळ होणार होतं? तरी रात्रभर ती जागी राहिली, आणि सकाळी उजाडायच्या आत पहिल्या बसनं घरी आली. अप्पा कॉफी गाळत होते. तिनं चपला न काढताच सांगितलं, “रोज सहाला मैदानावर यायचें. स्क्वेअर लेगला उभें राहायचें. कोपर वाकलें कीं नो म्हणायचें. दुसरें काही बोलायचें नाही.”

अप्पांनी मान डोलावली आणि गॅस बंद केला.

पहिल्या दिवशी तिनं साठ चेंडू टाकले आणि अप्पांनी एकेचाळीस वेळा नो म्हटलं. ना मोठ्यानं, ना हळू. जसं सामन्यात म्हणत तसं. तिला प्रत्येक ‘नो’ थोबाडीत बसल्यासारखा वाटला. शेवटचा चेंडू तिनं रागानं कुंपणावर फेकला. अप्पा तो आणायला गेले, बाभळीच्या झुडपातून काढला, पँटला पुसला आणि तिच्या हातात दिला.

सुंदर सारांनी तिची शैली मोडून नव्यानं बांधायला घेतली. रनअप बदलला, पुढचा पाय बदलला, खांदा कसा वळायचा ते बदललं. डॉ. जननी दर महिन्याला हॉलमध्ये मोजून द्यायची. पण रोजचं मोजमाप अप्पांच्या डोळ्यांचं होतं. हळूहळू एकेचाळिसाचे तीस झाले, तिसाचे बारा. मधे एकदा परत पंचवीस झाले, तेव्हा ती पिचवरच बसली आणि रडली. अप्पा आपल्या जागेवरून हलले नाहीत. तेवढंच त्यांना सांगितलेलं होतं. पण परत येताना स्कूटर थांबवून त्यांनी तिला नारळपाणी घेऊन दिलं, आणि तिनं ते घेतलं. उलटा चेंडू तिनं आणि सुंदर सारांनी सोडूनच दिला. तो पंधरा अंशांच्या आत बसतच नव्हता. ज्या चेंडूनं तिला सगळं दिलं त्याच्याशिवाय आता तिला जगायचं होतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी साठ चेंडू संपले आणि तिच्या लक्षात आलं की आज ‘नो’ ऐकूच आला नाही. तिनं अप्पांकडे पाहिलं. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. तिनं विचारलं, बरोबर पाहिलंत ना? ते म्हणाले की साठच्या साठ पाहिले.

फेरचाचणीत ऑफस्पिन अकरा अंश भरला. बंदी उठली.

पण बंदी उठणं वेगळं आणि परत येणं वेगळं. फलंदाजांना आता ठाऊक होतं की हिचा चेंडू एकाच बाजूला वळतो. राज्याच्या सामन्यांत तिला मार पडू लागला. एका सामन्यात चार षटकांत बावन्न धावा गेल्या आणि सीमारेषेजवळच्या मुलांनी ‘कोपर, कोपर’ म्हणून ओरडून घेतलं. तिनं मग वेग कमी केला. चेंडू उंच, डोळ्यांच्या वर टाकायला शिकली. चेन्नईत दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. तो चेंडूला हवेतच थोडं बाजूला सरकवतो हे तिला पूर्वी माहीत होतं, पण त्याची गरज कधी पडली नव्हती. आता ती वाऱ्याशी बोलून गोलंदाजी करू लागली. सव्वा वर्षात तिचे बळी फार वाढले नाहीत, पण धावा आटल्या. भारताची एक फिरकी गोलंदाज दुखापतीनं बाहेर गेली तेव्हा निवडसमितीला धावा रोखणारी कोणीतरी हवी होती. बाविसाव्या वर्षी, पंचवीस महिन्यांनंतर, कीर्तनाचं नाव पुन्हा यादीत आलं. तीन सामने, त्यातला पहिला चेपॉकला.

अप्पा स्टँडमध्ये बसले होते. श्रीदेवीनं नंतर सांगितलं की कीर्तना गोलंदाजीला आली तेव्हा ते उठले, आणि आपल्याला वाटलं की आता हे जिन्याकडे जाणार. पण ते उभेच राहिले. चारही षटकं उभ्यानं पाहिली. मागच्या लोकांनी बसा, बसा म्हणून दोनदा सांगितलं.

पहिल्या षटकात तिला दोन चौकार बसले. पंच वाकून तिच्या हाताकडे बघताहेत असं तिला सारखं वाटत होतं, आणि ते बघतही असतील. तिसऱ्या षटकात ऋजुता, आता तीही या संघात होती, यष्टीमागून ओरडली, “वारा आला गं!” कीर्तनानं चेंडू आणखी वर टाकला. फलंदाज पुढे आली, चेंडू तिच्या बॅटपासून हातभर बाजूला सरकला, आणि ऋजुतानं बेल्स उडवल्या. पुढच्या षटकात आणखी एकीचा झेल उडाला. चार षटकं, चोवीस धावा, दोन बळी. भारत सामना हरला. पत्रकारांनी तिला त्या जुन्या चेंडूबद्दल विचारलं. ती म्हणाली की तो माझा नव्हता, आणि पुढचा प्रश्न विचारा.

संघाची बस हॉटेलला निघायला अवकाश होता. तिनं परवानगी काढली आणि आई-वडिलांबरोबर मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेली. गर्दी ओसरली होती. श्रीदेवी पाण्याची बाटली घ्यायला थांबली तेव्हा दोघंच उरली.

कीर्तना म्हणाली, “गच्चीवर तुम्हीं सांगितलां असतां तरी मी ऐकली नसती, अप्पा.”

अप्पांनी विचार केला. “कदाचित नसतीस,” ते म्हणाले. “तरी सांगायला होवें होतें.”

“हो,” ती म्हणाली. “होवें होतें.” आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. त्या दोन वर्षांत तिनं त्यांना पहिल्यांदाच हात लावला होता.

पुढच्या दोन सामन्यांत तिला बळी मिळाला नाही. मालिका संपल्यावर दुखापतग्रस्त गोलंदाज बरी होऊन परतली आणि कीर्तनाचं नाव यादीतून गेलं. आजवरचा हिशेब अकरा आंतरराष्ट्रीय सामने, तेरा बळी. पुढे वाढेल की नाही ते कोणी सांगावं. ती राज्याच्या संघात खेळते आहे, यंदा उपकर्णधार आहे. रेल्वेत तिला नोकरी लागली आहे. अप्पा निवृत्त झालेत. अंपायरांच्या मंडळानं त्यांना परत या म्हणून दोनदा पत्र पाठवलं, पण त्यांनी नाही म्हणून कळवलं. श्रीदेवीच्या रविवारच्या शिकवण्यांत आता ते खालच्या इयत्तांच्या मुलांना पाढे शिकवतात. मागच्या महिन्यात एका रविवारी कीर्तना विजयवाड्याला सामना खेळून सकाळच्या गाडीनं परतली, तर ते हॉलमध्ये नऊचा पाढा चुकलेल्या एका मुलीशी हुज्जत घालत होते. ती दारात बॅग ठेवून, त्या मुलीच्या शेजारी मांडी घालून बसली आणि भूक लागली म्हणाली.